काठाला दुधाचे बोट

मी शाळामास्तर आहे, आणि शाळा सुटल्यावर उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत माझा लोखंडाशी संबंध येतो तो शाळेच्या घंटेपुरता आणि टाचण्यांपुरता. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पदार्थविज्ञानाशी माझी ओळख झाली ती परीक्षेच्या दिवशी, आणि तुटली तीही त्याच दिवशी. असा मी माणूस ऐन दिवाळीत, चकल्या-करंज्यांच्या वासात, जाड पोलादी प्लेटांच्या वेल्डिंगविषयी लिहायला बसलो आहे याचे वाचकांना नवल वाटेल. पण गेली काही वर्षे दिवाळी आली की पणत्यांच्या आधी मला एक फट आठवते. बारा मिलिमीटर रुंदीची. आणि त्या फटीपाशी उभे राहून मी बोललेले एक वाक्य आठवते. ते वाक्य काही परत घेता येत नाही. निदान सांगून मोकळे व्हावे, एवढाच हेतू.

माझा धाकटा भाऊ दत्ता वेल्डर आहे. वडील गेले तेव्हा तो आठवीत होता आणि मी नुकता नोकरीला लागलो होतो. त्याला शिकवून मोठा करायचा असा माझा निश्चय होता. आणि निश्चय केलेल्या मोठ्या भावांचे होते तसे माझे शिकवणे म्हणजे निम्मे ओरडणे होते. नववीत तो नापास झाला, आणि एके दिवशी मला न विचारता आय.टी.आय.मध्ये वेल्डरच्या वर्गाला नाव घालून आला. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. पुढे बोलू लागलो. पण कुणी 'धाकटा काय करतो?' म्हणून विचारले की 'कारखान्यात असतो' एवढेच सांगत असे. कारखान्यात मॅनेजरही असतो आणि वेल्डरही असतो. ऐकणाऱ्याने हवे ते समजावे, अशी सोय मी करून ठेवली होती.

त्या वर्षी धनत्रयोदशीला दुपारी दत्ताचा फोन आला, "दादा, उद्या आंघोळीला येणं जमत नाही. काम अडलंय." नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आमच्या घरी आईच्या हातचे असते. दोघांच्या पाठीला तेल लावल्याशिवाय तिची दिवाळी सुरू होत नाही. तिचा चेहरा उतरलेला पाहून मी तडक कोल्हापूरची एस.टी. पकडली. हातात फराळाचा डबा होता आणि मनात भाषण तयार होते.

शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे वर्कशॉप होते. दत्ता तिथे ठेक्यावर काम करी. मी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारच्या शेडमधून आकाशकंदील लागले होते, आणि या शेडमध्ये मात्र दत्ता, त्याचा मदतनीस पोरगा आणि फोरमन असे तिघे एका लोखंडी प्लेटेभोवती उभे होते. घरात कुणी आजारी असले म्हणजे उशापायथ्याशी माणसे उभी राहतात तसे.

काम एका साखर कारखान्याचे होते. गळिताचा हंगाम तोंडावर आलेला, आणि तिथल्या एका मोठ्या गिअरबॉक्सची बैठक नव्याने बनवायची होती. बैठकीची तळची प्लेट ४० मिलिमीटर जाड आणि एक मीटर रुंद. ती दोन तुकड्यांत होती आणि ते तुकडे मधोमध वेल्ड करून जोडायचे होते. एवढ्या जाड प्लेटा जोडायच्या म्हणजे त्यांचे काठ दोन्ही अंगांनी उतरते कापतात. समोरासमोर ठेवल्यावर वरून एक आणि खालून एक अशा दोन खाचा तयार होतात, आणि मध्ये काठांची दोन नाके एकमेकांकडे बघत राहतात. त्या नाकांमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवावी लागते. तिला हे लोक रूट गॅप म्हणतात. फट मुळीच नसेल तर वितळलेले लोखंड तळापर्यंत पोचत नाही, आणि वरून अखंड दिसणारा जोड पोटात पोकळ राहतो. म्हणजे फट हवी, पण बेताची हवी. या कामाला ती तीन मिलिमीटर हवी होती. गॅसने कापताना एका तुकड्याचा काठ बिघडला, तो पुन्हा कापून साफ केला, आणि त्यात नऊ मिलिमीटर गेले. फट झाली बारा.

"मग तुकडे जवळ सरकवा की," मी म्हणालो. मास्तरांना उपाय लगेच सुचतात.

दत्ता हसला. दोन्ही टोकांची भोके आधीच पाडलेली होती, आणि कारखान्यात पायाच्या काँक्रीटमधून वर आलेले बोल्ट त्या भोकांची वाट पाहत होते. तुकडे सरकवले तर इथली फट मिटणार, पण तिथे भोके बोल्टांवर बसणार नाहीत.

फोरमनकडे उपाय होता. कोपऱ्यातल्या ढिगातून त्याने बोटाएवढी जाड सळई उचलली आणि म्हणाला, "ही आत घाल. दोन्हीकडनं रन मारून बुजवून टाक. ट्रक रात्री बाराला येतोय. रंग लागला की कुणाला कळतंय?"

दत्ता म्हणाला, "असलं काम मी करत नाही." आवाज चढवला नाही, मीठ कमी आहे म्हणून सांगावे तसे म्हणाला. फोरमन चिडला. तुला जमत नसेल तर दुसरे पुष्कळ आहेत, हंगाम संपला की ठेक्याचे बघू, असे बरेच काही बोलून तो मालकाला फोन करायला बाहेर गेला.

आणि तेव्हा मी ते वाक्य बोललो. आईचा चेहरा डोळ्यांसमोर होता, भावाची नोकरी जाईल ही भीती होती, शिवाय शेवटची एस.टी. गाठायची होती. मी म्हणालो, "दत्ता, आत काय आहे ते कोण बघणार आहे?"

त्याने माझ्याकडे बघितले. "दादा," तो म्हणाला, "तू घरी बसून वह्या तपासतोस तेव्हा कोण बघत असतं?"

मी गप्प बसलो. वह्या मी कशा तपासतो ते मला ठाऊक होते.

मग त्याने मला समजावून सांगितले. आयुष्यात प्रथमच तो मला शिकवत होता, आणि त्याच्या शिकवण्यात ओरडणे नव्हते. सळई घातली की तिच्या भोवतीची लहानमोठी सांद तशीच राहते. वरचे लोखंड सळईला चिकटते आणि प्लेटेचे मूळचे काठ आत न वितळता कोरेच राहतात. वरून जोड दिसतो, आत दोन प्लेटा आणि एक सळई अशी तीन परकी माणसे एका खोलीत बसलेली असतात. हंगामात चार-पाच महिने गिअरबॉक्स रात्रंदिवस हादरतो. त्या हादऱ्याला तडा सुरू करायला अशीच जागा लागते.

"बरं, सळई नको. मग रॉड जाळून फट भरूनच काढ," मी म्हणालो.

"तेही धड होत नाही. एवढ्या रुंद फटीत रस खाली गळतो. कसाबसा या काठापासून त्या काठापर्यंत पूल बांधला, तरी तो निवताना आकसणार. दोन्हीकडच्या प्लेटा जड आणि थंड, त्या हलणार नाहीत. मग तो बिचारा पातळ रन मधोमध चिरतो."

जिथे एकाच बाजूने हात पोचतो तिथे फटीच्या मागे लोखंडी पट्टी लावून वेल्ड करतात, हेही त्याने सांगितले. पण हा जोड दोन्ही बाजूंनी भरायचा होता, आणि मागे राहिलेल्या पट्टीची सांद हादऱ्याच्या कामात पुन्हा घात करते. त्याने ठरवले होते ते वेगळेच. तुकडे एकमेकांपासून दूर करायचे, एकेकाचा काठ वर येईल असा उभा करायचा, आणि त्या काठावर रॉड जाळून थरावर थर चढवायचे. वर्कशॉपमध्ये याला बटरिंग म्हणतात. पावाला लोणी लावतात तसे. काठ हवा तेवढा वाढला की ग्राइंडरने घासून त्याला पुन्हा पहिला उतार द्यायचा, आणि मग दोन्ही तुकडे समोरासमोर आणून तीन मिलिमीटरवर ठेवायचे.

माझ्यातला मास्तर जागा झाला. फराळाच्या डब्याभोवतीच्या कागदावर मी हिशेब मांडला. नऊ मिलिमीटर रुंद, चाळीस जाड, हजार लांब. म्हणजे ३६० घन सेंटिमीटर. पोलाद पाण्याच्या पावणेआठपटीहून थोडे अधिक जड. म्हणजे सुमारे २.८ किलो लोखंड, आणि चार मिलिमीटरचे साठेक रॉड. "अरे, फटीत भरलं काय आणि काठाला लावलं काय, लोखंड तेवढंच जाणार!" मी विजयी स्वरात म्हणालो.

"तेवढंच जाणार," दत्ता म्हणाला. "पण काठाला एकट्याला लावलेलं लोखंड मोकळेपणी आकसतं. दुसऱ्या बाजूनं त्याला कुणी ओढत नसतं. काय आकसायचं ते जोडायच्या आधी आकसून घेतं. मग जोडताना थोडकंच उरतं."

हे वाक्य मी त्या कागदावर हिशेबाखाली लिहून घेतले. तो कागद अजून माझ्यापाशी आहे. त्याला तेलाचे डाग पडले आहेत.

नंतर मी या विषयावर थोडे वाचले. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची पोलादी बांधकामासाठी डी१.१ नावाची संहिता आहे. फट मर्यादेबाहेर गेली तर जोडण्याआधी काठ वेल्डने वाढवून ती दुरुस्त करण्यास तीत मुभा आहे. मात्र फट पातळ प्लेटेच्या जाडीच्या दुप्पट किंवा २० मिलिमीटर, यांत जे कमी असेल त्यापेक्षा मोठी असता कामा नये. त्यापुढे इंजिनिअरची परवानगी लागते. त्या रात्री दत्ताजवळ संहिता नव्हती. आय.टी.आय.मध्ये शिकलेले आणि हाताला ठाऊक झालेले तेवढे होते, आणि ते संहितेशी जुळत होते.

मालकाचा फोन झाला. ट्रक एक दिवस पुढे ढकलला गेला. फोरमन काही न बोलता घरी गेला, आणि दत्ता कामाला लागला. मी शेवटची एस.टी. सोडली.

ती रात्र मी एका लोखंडी स्टुलावर बसून काढली. चेनपुलीने त्याने तुकडा उभा केला. मग गॅसच्या ज्योतीने काठ तापवला, शंभर अंशांच्या आसपास. जाड प्लेट थंड असली की वेल्डची उष्णता भराभर शोषून घेते आणि जोड कडक होऊन तडकतो. ठरावीक उष्णतेला वितळणाऱ्या खडूने रेघ ओढून तो खात्री करी. माझ्या खडूने आजवर कशाची अशी खात्री झाल्याचे स्मरत नाही. रॉडही त्याने भट्टीत वाळवून गरम ठेवले होते. दमट रॉडमधला ओलावा जळून हायड्रोजन होतो आणि वेल्डमध्ये शिरतो. मग काम निवल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही, कुणी नसताना तडा जातो.

"तिकडं बघू नकोस दादा, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल," असे सांगून तो काच तोंडावर ओढी आणि निळा उजेड शेडभर नाचू लागे. एक सरळ रन. मग हातोडीने वरची खपली पाडायची, ब्रश मारायचा, नीट बघायचे, मग शेजारी दुसरा रन. हात डावीउजवीकडे रुंद फिरवून लवकर उरकण्याचा मोह त्याने एकदाही केला नाही. बाहेर फटाके वाजत होते. मध्यरात्री आम्ही तिघांनी चकल्या खाल्ल्या. दत्ताच्या बोटांचे काळे ठसे चकल्यांवर उठत होते, आणि का कोण जाणे, मला आठवीतला दत्ता आठवत होता, शाईने बोटे माखून घेणारा.

पहाटे दोन्ही काठ घासून तयार झाले. तुकडे समोरासमोर आले. दत्ताने एका रॉडचे कवच झाडून आतली तीन मिलिमीटरची तार वाकवली, फटीत मापाला धरली, दोन्ही टोकांना टॅक मारले आणि तार काढून घेतली. सळई फटीत गेली ती अशी, मापापुरती. नंतरचा दिवसभर तो आणि दुसरा एक वेल्डर आळीपाळीने दोन्ही बाजू भरत होते. एका बाजूला थोडे, प्लेट उलटवून दुसऱ्या बाजूला थोडे, म्हणजे ती एकीकडे वाकू नये. दुसरी बाजू भरण्याआधी पहिल्या रनची पाठ घासून चकचकीत लोखंड लागेपर्यंत आत जायचे, हाही नेम. रात्री उशिरा ट्रक गेला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही घरी पोचलो. आईने एक दिवस उशिराने का होईना, दोघांना तेल लावले. मग उरलेल्या सारणाच्या करंज्या करायला बसली. कालपासून काय खोळंबले होते ते मी तिला सांगू लागलो: काठ, उतार, थर, आकसणे. कादंबरीकार असल्यामुळे मी ते बरेच लांबवले. ती करंजी मुडपत ऐकत होती. एका लाटीचे काठ वाऱ्याने सुकले होते. तिने वाटीतले दुधाचे बोट आधी या काठाला लावले, मग त्या काठाला लावले, क्षणभर थांबली, आणि करंजी मिटली.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "सुकलेले काठ तसेच दाबले तर तेलात तोंड उघडतं. त्याला शाळा कशाला लागते?"

दत्ता हसून लोळला. करंजी तळून निघाली, तोंड मिटलेलेच होते.

दिवाळीनंतर शाळा उघडली. माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला भागाकार येत नसे. दर वर्षी वरच्या वर्गात घालताना कुणी ना कुणी त्याच्या फटीत चार गुणांची सळई घातली होती. अलीकडची सळई माझीच होती. मी फळ्यावर मोठमोठे भागाकार मांडायचो आणि ते त्याला पाठ करायला लावून पूल बांधू पाहायचो. पूल दर वेळी मधोमध चिरायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचो. त्या नोव्हेंबरात मी भागाकार बंद केला. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास, एका बाजूने त्याचे पाढे, तेही दोनपासून. दुसऱ्या बाजूने गणित लहान केले: बारा लाडू, तीन भावंडे. दोन्ही काठ थोडे थोडे वाढू दिले. फेब्रुवारीत एकदा त्याने न विचारता एक भागाकार करून दाखवला आणि बाकी उरली तीही बरोबर सांगितली. तो पुढे पहिला आला वगैरे काही झाले नाही. पण वार्षिक परीक्षेत त्याला पडलेले गुण त्याचे होते. त्यांत माझी भर नव्हती.

दत्ताला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "दादा, तू वेल्डिंगमधूनही धडा काढलासच!" खरे आहे. आमची खोडच ती. तेव्हा दुसरीही गोष्ट सांगून टाकतो. माझ्या एका कादंबरीत नायक-नायिकेचा दुरावा मला भरून काढता येईना, म्हणून मी अखेरच्या प्रकरणात पोस्टमनच्या हाती एक पत्र दिले होते. वाचकांनी ते पत्र गोड मानून घेतले. पण ती सळई होती, हे मला माहीत आहे.

आता दत्ताच्या ठेक्याचे. हंगाम संपल्यावर तो पुन्हा मिळाला नाही. कारण कुणी सांगितले नाही. दोन महिने तो घरी बसला, आणि त्या दोन महिन्यांत माझ्या मनात एकदाही आले नाही, की घालायची होती सळई, असे म्हणणे खोटे ठरेल. आले होते. आईच्या औषधाचे बिल देताना तर नक्कीच आले होते. नंतर त्याला दुसरीकडे काम लागले, आणि ते पहिल्यापेक्षा बरे आहे.

त्या प्लेटेचे काय झाले, असे मी त्याला एकदा विचारले. "काही नाही," तो म्हणाला. "असेल तिथंच." टिकलेल्या जोडाची बातमी येत नाही. बातमी येते ती दुसऱ्या प्रकारच्या जोडाची. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलंड' नावाचा नॉर्वेजियन तरंगता तळ वादळात उलटला. त्यावर २१२ माणसे होती, त्यांतली १२३ गेली. चौकशीत असे निघाले की एक लहानसे उपकरण बसवण्यासाठी केलेल्या किरकोळ वेल्डपाशी तडा सुरू झाला होता. आणि त्या तड्याच्या आत रंग सापडला. तळ समुद्रात जाण्यापूर्वी, रंगवला जात होता तेव्हाच तो तडा तिथे होता. हे वाचले त्या रात्री मला फोरमनचे 'रंग लागला की कुणाला कळतंय' आठवले. पण फोरमनला तरी मी का नावे ठेवू? त्याच शेडमध्ये, त्याच्या पाठोपाठ, तेच मीही म्हणालो होतो. फक्त माझी भाषा शुद्ध होती.

या वर्षी दत्ताने आंघोळीला येतो म्हणून आधीच कळवले आहे. आई करंज्यांचे सारण करते आहे. आणि हल्ली कुणी मला विचारले, 'धाकटा काय करतो?' तर मी सांगतो, "वेल्डर आहे." विचारणारा बहुधा पुढे काही विचारत नाही. मीच त्याला धरून बसवतो आणि रूट गॅप म्हणजे काय ते सांगू लागतो.